चोपन्न मतांचा मतदारसंघ : सिडनीचं राइड समजून घेताना

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिममधून रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले आणि अमोल कीर्तिकर हरले. नऊ लाखांहून जास्त मतं पडली आणि फरक ४८ चा. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला याहून जास्त माणसं येतात, तीही कोरम नाही म्हणून अर्धा तास खोळंबून.

त्याच्या सव्वा वर्ष आधी, २५ मार्च २०२३ ला, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. सिडनीच्या राइड नावाच्या उपनगरी मतदारसंघात उजवीकडे झुकणाऱ्या लिबरल पक्षाचे जॉर्डन लेन डावीकडे झुकणाऱ्या लेबर पक्षाच्या लिंडल हॉविसन यांच्यापुढे फेरमोजणीनंतर ५४ मतांनी सरस ठरले. टक्केवारीत पाहिलं तर मुंबईचा निकाल जास्त चुरशीचा, कारण राइडमध्ये मतदारच साठ हजारांच्या आसपास. पण राइडच्या ५४ मतांमागे जी यंत्रणा आहे ती आपल्याला जवळजवळ अनोळखी आहे, आणि पुढची निवडणूक आता मार्च २०२७ मध्ये आहे.

हे सगळं वाचायला लावलं माझ्या मामेबहिणीने. ती राइड मतदारसंघातल्या मेडोबँकला राहते. फोनवर म्हणाली, "दर दोन दिवसांनी पत्रपेटीत कुठल्यातरी उमेदवाराचं हसरं तोंड येऊन पडतं. माझी मैत्रीण काही स्टेशनं पलीकडे राहते, तिला एक कागद येत नाही. आमच्यातच काय सोनं लागलंय?"

सोनं लागलेलं नाही. पण कारण आहे.

राइड आहे कुठे?

सिडनीच्या मधोमध बंदर आणि त्यातून पश्चिमेला आत शिरणारी पॅरामाटा नदी. या नदीच्या उत्तर काठावर, शहराच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर राइड पसरलं आहे. नदीकाठी मेडोबँक आणि मेलरोज पार्क, थोडं वर वेस्ट राइड, मग डेनिस्टन, मग ईस्टवुड. मेडोबँक, वेस्ट राइड, डेनिस्टन आणि ईस्टवुड ही ओळीने एकाच रेल्वेमार्गावरची स्टेशनं. आपल्या मध्य रेल्वेवर नाहूर-मुलुंड-ठाणे जसं एका दमात म्हणतो तसं.

ईस्टवुडची एक गंमत सांगायला हवी. रेल्वेच्या एका बाजूला कोरियन दुकानं-खानावळी, दुसऱ्या बाजूला चिनी. पूर्व-पश्चिम हा भेद डोंबिवलीकरांना शिकवायला नको. इथे तो जेवणाच्या ताटापर्यंत गेला आहे. आणि आपल्याकडे फळवाल्याच्या गाडीवर 'ग्रीन अ‍ॅपल' म्हणून मिळणारं ते आंबट हिरवं सफरचंद, ग्रॅनी स्मिथ, तेही इथलंच. मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या ईस्टवुडमधल्या वाडीत १८६८ च्या सुमारास ते पहिल्यांदा उगवलं. आता तिथे वाडी नाही, पण दरवर्षी त्यांच्या नावाने जत्रा भरते.

२०२१ च्या जनगणनेनुसार राइड नगरपालिकेच्या हद्दीतले निम्म्याच्या आसपास रहिवासी ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेले होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

राज्याच्या निवडणुकीत ठरतं काय?

ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच केंद्र आणि राज्य अशी वाटणी आहे. व्हिसा, आयकर, संरक्षण केंद्राकडे. सरकारी शाळा, इस्पितळं, लोकल गाड्या, पोलीस आणि कुठे किती मजली इमारत बांधता येईल याचे नियम राज्याकडे. म्हणजे मामेबहिणीच्या रोजच्या तक्रारींपैकी तीन चतुर्थांश राज्याच्या खात्यातल्या.

विधानसभेत ९३ जागा, बहुमताला ४७. २०२३ मध्ये बारा वर्षांची लिबरल-नॅशनल आघाडीची राजवट संपली. ख्रिस मिन्स यांच्या लेबर पक्षाला ४५ जागा मिळाल्या आणि ते अपक्षांच्या आधाराने मुख्यमंत्री झाले (तिथे या पदाला 'प्रीमियर' म्हणतात). दोन जागा कमी पडल्या, आणि त्यातली एक ५४ मतांनी हुकली. हसऱ्या तोंडांचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

'काठावरची जागा' मोजतात कशी?

तिथे याला 'मार्जिनल सीट' म्हणतात, मी काठावरची जागा म्हणतो. निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात दोनच उमेदवार उरतात. विजेता ५० टक्क्यांच्या किती वर आहे, ते त्याचं अंतर. ५९ विरुद्ध ४१ असा निकाल लागला तर अंतर ९ टक्के, १८ नव्हे. आपल्याकडे 'मताधिक्य' म्हणून पूर्ण फरक सांगतात, म्हणून इथे पहिल्यांदा घोळ होतो.

असं का मोजतात? एका मतदाराने बाजू बदलली की एकाचं एक कमी होतं आणि दुसऱ्याचं एक वाढतं, म्हणजे फरक दोनाने हलतो. राइडचा ५४ चा फरक मिटवायला ५४ माणसं लागत नाहीत. २७ जणांनी बाजू बदलली की बरोबरी, २८ जणांनी बदलली की आमदार वेगळा. एका बसमध्ये मावतील इतकी माणसं.

साधारणपणे ६ टक्क्यांच्या आत अंतर असेल तर जागा काठावरची, १० च्या वर असेल तर सुरक्षित. राइडचं अंतर ०.१ टक्क्याहूनही कमी आहे. ही काठावर बसलेली नाही, पाय बाहेर सोडून बसली आहे.

आता दुसरा शब्द, 'स्विंग'. मागच्या निवडणुकीच्या तुलनेत मतांचं पारडं किती टक्क्यांनी कलंडलं, तो स्विंग. राइडमध्ये २०१९ ला लिबरल पक्षाचं अंतर सुमारे ९ टक्के होतं. २०२३ ला ते जवळजवळ सगळं धुऊन निघालं.

नऊ टक्के गेले कुठे?

एक कारण उघड आहे. व्हिक्टर डॉमिनेलो २००८ पासून इथले आमदार. राज्य सरकारच्या सगळ्या सेवा मोबाइलवर आणणारे मंत्री म्हणून त्यांचं नाव झालं होतं. कोविडच्या काळात दुकानात शिरताना जो क्यूआर कोड स्कॅन करावा लागे, तोही त्यांच्याच खात्याचा. पक्ष न पाहता त्यांना मत देणारे लोक होते. २०२३ ला ते उभेच राहिले नाहीत. लेन राइडचे महापौर होते, अगदीच नवखे नव्हते, पण माणसाच्या नावावरची मतं वारसाहक्काने मिळत नाहीत.

दुसरं, बारा वर्षांचं सरकार. घरातला रंग उडतो तसा सरकारचाही उडतो.

तिसरं जास्त रंजक. याच भागावर पसरलेला केंद्रातला मतदारसंघ आहे बेनेलाँग. तिथे जॉन हॉवर्ड तेहतीस वर्षं खासदार होते. २००७ मध्ये पंतप्रधान असताना ते स्वतःच्या जागेवर हरले, माजी पत्रकार मॅक्सिन मॅक्यू यांच्याकडून. पुढे जागा पुन्हा लिबरलांकडे गेली. २०२२ मध्ये लेबरच्या जेरोम लॅक्सेल यांनी ती थोडक्यात घेतली (हेही राइडचे माजी महापौर) आणि २०२५ मध्ये आरामात राखली. चिनी वंशाचे मतदार मोठ्या संख्येने असलेल्या भागांत लिबरलांची घसरण २०२२ पासून दिसत होती. राज्याच्या निवडणुकीत राइड त्याच उतारावर होतं.

पण 'राइड लेबरकडे चाललंय' असं सरळ म्हणू नये. राइडचं पारडं कुठल्याही बाजूला किती आपटू शकतं याचं उदाहरण २००८ चं आहे. लेबरचे उपमुख्यमंत्री आणि राइडचे आमदार जॉन वॉटकिन्स यांनी राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली आणि डॉमिनेलो तब्बल २३ टक्क्यांच्या आसपास स्विंग घेऊन जिंकले. हेच वॉटकिन्स १९९५ मध्ये शेजारच्या ग्लेड्सव्हिलमधून थोडक्या मतांनी निवडून आले होते, आणि त्या वर्षी लेबरच्या बॉब कार यांचं सरकार ९९ पैकी ५० जागांवर, म्हणजे एका जागेच्या जिवावर बनलं. नदीच्या या काठाला सरकारं घडवायची सवय जुनी आहे.

मतपत्रिकेवरचे आकडे

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते राइडचा निकाल बाजू बदलणाऱ्यांनी जितका ठरवला त्याहून जास्त एका वेगळ्याच गटाने ठरवला. त्या गटाकडे जायला मतपत्रिका समजून घ्यावी लागेल.

इथे शिक्का नाही, बटण नाही. उमेदवारांच्या नावापुढे चौकट असते आणि त्यात १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. अनोळखी वाटतंय? महाराष्ट्रातल्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना नाही वाटणार. केंद्रावर ते जांभळं स्केचपेन हातात देतात, आठवतं? तिथेही १ लिहिणं सक्तीचं, पुढचे आकडे ऐच्छिक. न्यू साउथ वेल्समध्ये अगदी हाच नियम आहे. २०२३ ची अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत का रेंगाळली, हे ज्यांनी तेव्हा समजून घेतलं त्यांना राइड समजायला पाच मिनिटं पुरतील.

समजा, एका सोसायटीत अध्यक्षपदासाठी तिघं उभे आहेत. शंभर मतं. जोशी ४६, पाटील ४१, डिसूझा १३. निम्म्याच्या वर कुणीच नाही. मग सगळ्यात मागचे डिसूझा बाद होतात आणि त्यांच्या १३ मतपत्रिका उलगडून दुसरी पसंती पाहिली जाते. पाच जणांनी पाटलांपुढे २ लिहिलंय, एकाने जोशींपुढे. उरलेल्या सात जणांनी फक्त १ लिहून पेन खाली ठेवलंय. त्यांची मतं कुणालाच देता येत नाहीत, ती बाजूच्या गठ्ठ्यात जातात. शेवटी जोशी ४७, पाटील ४६. जोशी एका मताने अध्यक्ष, आणि बाजूच्या गठ्ठ्यात सात मतं.

त्या बाजूच्या मतांना मी 'थांबलेली मतं' म्हणणार आहे. ती बाद नाहीत. पहिल्या फेरीत ती रीतसर मोजली गेली; फक्त शेवटच्या झुंजीत ती उतरली नाहीत.

राइडमध्ये ग्रीन्स (डावीकडे झुकणारा पर्यावरणवादी पक्ष) आणि इतर छोट्या उमेदवारांची मतं अशीच उलगडली गेली. थांबलेली मतं ५४ पेक्षा कित्येक पटींनी जास्त होती. ग्रीन्सला पहिली पसंती देणारे लोक दुसरा आकडा लिहितात तेव्हा बहुतेक वेळा तो लेबरपुढे लिहितात. त्यामुळे या थांबण्याचा तोटा लेबरला होतो, हे तिथल्या निवडणूक अभ्यासकांचं जुनं निरीक्षण आहे.

यातला विनोद असा की हा 'पुढचे आकडे ऐच्छिक' नियम लेबरनेच आणला. नेव्हिल रॅन मुख्यमंत्री असताना. १९८१ च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. तेव्हा लिबरल आणि नॅशनल पक्ष एकमेकांविरुद्ध उमेदवार देत आणि एकमेकांच्या दुसऱ्या पसंतीवर जगत, त्यामुळे ऐच्छिक नियमाचा फटका त्यांना बसेल असा हिशेब होता. चाळीस वर्षांत डाव्या बाजूलाच फाटे फुटले आणि फटका घरी परत आला. आता नियम बदलायचा तर राज्यघटनेनुसार सार्वमत घ्यावं लागेल. शेजारच्या क्वीन्सलँडने मात्र २०१६ मध्ये कायदा करून पुन्हा सगळे आकडे सक्तीचे केले. २००१ मध्ये तिथे लेबरच्या पीटर बीटी यांनीच 'फक्त १ लिहा' असा प्रचार गाजवला होता. नियम कुणाचाच सख्खा नसतो.

"म्हणजे डिसूझांच्या लोकांना दोनदा मत?"

हा आक्षेप दर वेळी येतो, आणि वरवर पटतोही. पण नीट बघा. शेवटच्या फेरीत जोशींच्या मतदारांचं मतही पुन्हा मोजलंच गेलं. फक्त ते पुन्हा जोशींनाच मिळालं. दुकानात गेलात, हापूस मागितला, नाही म्हणाला, मग पायरी घेतलात. तुम्ही आंबे दोनदा खाल्ले नाहीत. शेजाऱ्याला पहिल्या फटक्यात हवा तो मिळाला, एवढाच फरक.

आपल्याकडच्या पद्धतीत डिसूझांना मत देणाऱ्याला 'मत वाया घालवलंस' म्हणून ऐकवतात. इथे त्याला मनासारखं मत देऊनही जोशी-पाटील झुंजीत शब्द टाकता येतो. टाकायचा की नाही हे त्याच्यावर.

"सक्तीचं मतदान आहे ना, मग थांबतात कसे?"

आहे. ऑस्ट्रेलियात मतदान न करणाऱ्याला दंड होतो. न्यू साउथ वेल्सच्या निवडणुकीत ५५ डॉलर. म्हणून लोक येतात. मतदान बहुधा शाळेत, बाहेर पालक संघटना ब्रेडमध्ये भाजलेलं सॉसेज विकते, आणि हे सॉसेज खाणं मतदानाइतकंच पवित्र मानलं जातं. पण सक्ती केंद्रापर्यंत येण्याची आहे, किती चौकटी भरायच्या याची नाही.

आणि इथे एक गोची आहे जी राइडसारख्या भागात जास्त जाणवते. केंद्राच्या निवडणुकीत, म्हणजे बेनेलाँगचा खासदार निवडताना, सगळ्या चौकटी भरणं सक्तीचं; फक्त १ लिहिला तर मत बाद. राज्याच्या निवडणुकीत फक्त १ चालतो. तोच माणूस, तीच शाळा, तेच सॉसेज, नियम दोन. ज्याचं शालेय शिक्षण मँडरिनमध्ये, कोरियनमध्ये किंवा मराठीत झालंय त्याने कुठला नियम कधीचा हे लक्षात ठेवायचं. इथे जन्मलेलेही गोंधळतात.

म्हणून मतदान केंद्राबाहेर पक्षांचे कार्यकर्ते आकडे कसे भरायचे याची छापील कार्डं वाटतात, राइडमध्ये अनेक भाषांत. प्रवेशद्वारापासून सहा मीटरच्या आत वाटायची नाहीत, आणि त्या दिवशी वाटायचं कार्ड आधी निवडणूक आयोगाकडे नोंदवावं लागतं. आपल्याकडे शंभर मीटरची रेघ असते आणि तिच्याबाहेर टेबलावर स्लिपा; तिथे हात लांबवला तर दरवाजाला लागेल इतक्या जवळ कार्यकर्ता. काठावरच्या जागेत या सहा मीटरबाहेरच्या दोन मिनिटांचं मोल फार आहे. कार्डावर १ छापलंय की १ आणि २, यावर ५४ मतं सहज इकडची तिकडे होतील.

"पण ५४ म्हणजे शेवटी नशीबच की!"

काही अंशी, हो. टपाली मतं जवळपास दोन आठवडे येत राहतात, मोजणी रेंगाळते, फेरमोजणीत प्रत्येक कागद दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींसमोर पुन्हा हातात घेतला जातो. चारचा आकडा नऊसारखा दिसतो का, यावर वाद होतात. राज्यभरात सुमारे तीन टक्के मतं बाद ठरतात. राइडच्या आकाराच्या मतदारसंघात तीन टक्के म्हणजे दीड हजारांच्या घरात. त्यापुढे ५४ काय?

मात्र नशीब आलं ते शेवटच्या पायरीवर. अंतर नऊ टक्क्यांवरून शून्याजवळ येणं हे नशीब नव्हतं.

स्टेशनवर दिसतात ते सगळे मतदार नव्हेत

आता जनगणनेचा तो आकडा. निम्मे परदेशात जन्मलेले. संध्याकाळी सहा वाजता मेडोबँक स्टेशनवर उभं राहून मतदारसंघाचा चेहरा वाचायला गेलात तर फसाल. मत फक्त नागरिकांना. विद्यार्थी, कामाच्या व्हिसावरचे आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेले, यांना नाही. नागरिकत्वासाठी साधारण चार वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं आणि त्यातलं शेवटचं एक कायम परवान्यावर.

भारतीयांसाठी यात आणखी एक गाठ आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. ऑस्ट्रेलियाची शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट परत करायचा. कित्येक मराठी घरांत हा निर्णय वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर पडून असतो. नवरा नागरिक, बायको अजून भारतीय, मुलगा जन्माने ऑस्ट्रेलियन. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर. एका फ्लॅटमध्ये चार माणसं आणि सध्या मत एक.

त्यामुळे राइडचा स्विंग म्हणजे 'लोकांनी मत बदललं' असं मानणं अर्धंच खरं. सकाळच्या लोकलचा डबा आठवा. कल्याणला जे बसलेले होते ते दादरला नसतात, डबा मात्र तोच. चार वर्षांत राइडमधून लोक निवृत्त होऊन समुद्रकिनाऱ्याकडे जातात, काही वारतात, नवे नागरिक शपथ घेतात, नदीकाठच्या टॉवरमध्ये भाडेकरू बदलतात. लेन यांचे २८ मतदार घर सोडून गेले आणि त्यांच्या जागी लेबरचे २८ आले, तर एकानेही विचार न बदलता आमदार बदलू शकतो.

टॉवर की बंगला

मेडोबँक आणि मेलरोज पार्क एकेकाळी कारखान्यांचे भाग. मेलरोज पार्कला औषध कंपन्या होत्या. ठाण्यात घोडबंदरच्या वाटेवर कंपन्यांच्या जागी काय उभं राहिलं ते आपण पाहिलंय, तेच इथे. डेनिस्टनच्या चढावर मात्र अजून विटांचे बंगले, पुढे हिरवळ, मागे लिंबाचं झाड. एकाच मतदारसंघात हे दोन देश आहेत आणि त्यांच्या मागण्या एकमेकींच्या अंगावर येतात.

उदाहरणार्थ, घराची स्टँप ड्यूटी. २०२३ मध्ये लिबरलांचे मुख्यमंत्री डॉमिनिक पेरोटे यांची योजना होती की पहिलं घर घेणाऱ्याला हवं तर एकरकमी ड्यूटीऐवजी दरवर्षी थोडा जमीनकर भरता यावा. लेबरने ती मोडीत काढली आणि ८ लाख डॉलरपर्यंतच्या पहिल्या घराला ड्यूटी पूर्ण माफ केली. आधी ही मर्यादा साडेसहा लाख होती. राइडमधला बंगला या आकड्याच्या जवळपासही येत नाही, छोटा फ्लॅट येतो. सवलत कुणाच्या दारात उतरली हे वेगळं सांगायला नको.

मग बांधकामाचे नियम. २०२५ मध्ये राज्य सरकारने निवडक स्टेशनं आणि बाजारपेठांच्या ८०० मीटरच्या परिघात बंगल्यांच्या जागी जोडघरं आणि कमी उंचीच्या इमारती बांधायला मुभा दिली. तिशीतल्या भाडेकरूला हे हवंय. लिंबाच्या झाडाच्या मालकाला शेजारी चार मजले नकोत, पण आपला प्लॉट विकताना मात्र हवेत. (पुनर्विकासाच्या सभेत बसलेल्या कुणालाही हा माणूस ओळखता येईल.)

तिसरा विषय ट्राम. पॅरामाटाची ट्राम पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या टप्प्यात ती मेलरोज पार्कपर्यंत यायची आहे आणि तिथून नदीवरच्या नव्या पुलाने पलीकडे वेंटवर्थ पॉइंटला. पुलावर ट्राम, बस, सायकल आणि पायी जाणारे. खासगी गाड्यांना मज्जाव. टॉवर आधी आले, ट्राम मागून येणार. राइडच्या इस्पितळाचं नवं बांधकामही असंच लोकांच्या डोळ्यांसमोर चाललेलं काम. या दोन्हींचे फोटो त्या हसऱ्या तोंडांच्या मागे असतात.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला खरी वाटणार नाही: न्यू साउथ वेल्समध्ये बिल्डरांनी राजकीय देणग्या देण्यावर २००९ पासून कायद्याने बंदी आहे. प्रचारखर्चावरही मर्यादा. पळवाटा कुठे नसतात, पण नियम कागदावर आहे.

"मग काठावरच्यांना खिरापत आणि बाकीच्यांना वाटाण्याच्या अक्षता?"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि त्याला सोपं उत्तर नाही. काही स्टेशनं पलीकडची मैत्रीण सुरक्षित जागेत राहते, म्हणून तिला कागदही येत नाही. तिचं मत कायद्याने तितकंच मोलाचं, पण प्रचाराच्या वहीत शून्य.

खिरापतीचा इतिहासही साधा नाही. न्यू साउथ वेल्सच्या लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये २५ कोटी २० लाख डॉलरच्या एका निधीवर ताशेरे ओढले. त्यातला जवळजवळ सगळा पैसा तत्कालीन सत्ताधारी आघाडीच्याच मतदारसंघांत गेला होता. त्याआधी मुख्यमंत्री ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांनी अशा वाटपात बेकायदेशीर काही नाही अशी भूमिका उघडपणे घेतली होती. २०२२ मध्येच राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने बजावलं की काही परिस्थितीत हा भ्रष्टाचार ठरू शकतो. लक्षात घ्या, तो निधी जागा काठावरची आहे का यापेक्षा ती कुणाच्या ताब्यात आहे हे बघून गेला. म्हणजे काठावर असलं की पैसा येतोच असं नाही. आश्वासनं नक्की येतात.

आणि राइडकरांना त्याची किंमतही मोजावी लागते. चार वर्षं त्यांच्या प्रत्येक तक्रारीकडे दोन्ही पक्ष मताच्या चष्म्यातून पाहतात. शाळेच्या फाटकासमोर झेब्रा क्रॉसिंग हवं म्हटलं तरी कोण आधी फोटो काढणार यावर ते अडतं.

मार्चच्या रात्री कुठे बघायचं

निकालाच्या रात्री वाहिन्या पहिल्या पसंतीची मतं दाखवतील आणि कोण पुढे यावर गलका होईल. राइडपुरतं तिसऱ्या क्रमांकाकडे बघा. तिसऱ्याला किती मिळाली, आणि त्याच्या पत्रिकांपैकी किती थांबल्या. थांबलेल्यांचं प्रमाण थोडं जरी घटलं तरी लेन यांना अवघड जाईल. उलट बाजूने, चार वर्षांत लेन यांनी स्वतःच्या नावावर थोडीफार मतं जमवली असणारच. नव्या आमदाराला दुसऱ्या निवडणुकीत हा फायदा बहुधा मिळतो. आणि लेबर आता सत्तेत आहे, लोकल उशिरा आली तर शिव्या त्यांनाच.

हे सगळं मामेबहिणीला फोनवर सांगितलं. सोसायटी, डिसूझा, बाजूचा गठ्ठा, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे फक्त १ लिहिला तर बाद होणार नाही, पण शेवटच्या भांडणात मी नसेन." बरोबर, म्हटलं. "मग मी सगळे आकडे लिहीन. भांडणात नसण्यापेक्षा असलेलं बरं."

तिची नागरिकत्वाची परीक्षा झाली आहे. शपथविधीची तारीख अजून यायची आहे. पत्रपेटीत मात्र परवा आणखी दोन हसरी तोंडं येऊन पडली.